मंगरुळे बाईंचं दुसरं रिटर्न

एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या रिटर्न भरण्याच्या धंद्यातली सुट्टीच. मार्चची धावपळ संपलेली असते, नवे फॉर्म नुकतेच निघालेले असतात पण भरायची घाई कुणालाच नसते, आणि सोलापूरचं ऊन असं की अकरानंतर कुणी विनाकारण बाहेर पडत नाही. दरवर्षी नेमक्या त्याच आठवड्यात, भर बारा वाजता, मंगरुळे बाई सात रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसचा जिना चढून यायच्या. छत्री दाराशी उभी करायच्या, खुर्चीत बसून घोटभर पाणी प्यायच्या आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक जुना मोबाइल काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या. फोन पुरता चार्ज केलेला असायचा.

“आधी त्यांचं भर,” त्या म्हणायच्या. “माझं मागनं बघ की.”

‘ते’ म्हणजे बाईंचे यजमान, शिवानंद मंगरुळे. ते एका सकाळी घरातून बाहेर पडले होते आणि परत आले नव्हते. घरीच राहिलेला त्यांचा हा फोन बाईंनी तेव्हापासून एक दिवसही बंद पडू दिला नव्हता. आयकराच्या साइटवर रिटर्न भरलं की शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात. ते आकडे टाकले की सही केल्यासारखंच असतं. ते या फोनवर यायचे.

बाई मला चौथीला होत्या. गणित शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा पाठ सरळ करायचा. माहेर दुधनीचं, घरात कानडी बोलणारं, त्यामुळे त्यांच्या मराठीला एक हेल होता आणि चिडल्या की ‘ळ’ जास्तच जड व्हायचा. परीक्षेत कोरा कागद दिलेला त्यांना खपत नसे. “उत्तर येत नसलं तर नसू दे,” त्या म्हणायच्या, “प्रश्न तर उतरवून काढ. खाली जागा सोड. कोरा कागद म्हणजे तू आलाच नव्हतास असं होतं.” मी पुढे कर सल्लागार झालो, ऑफिस थाटलं, तेव्हा पहिल्या दिवशी बाई आल्या होत्या. बाहेरच्या पाटीवर ‘सल्लागार’मध्ये एकच ल होता. पेढा खायच्या आधी त्यांनी तो दुसरा ल माझ्याकडून खडूने लिहून घेतला.

शिवानंदरावांना मी फार ओळखत नव्हतो. श्रीपूरकडे साखर कारखान्यात केमिस्ट होते. गाळपाच्या हंगामात तिकडेच राहायचे, एरवी शनिवारी घरी यायचे. कमी बोलणारा, नीटनेटका माणूस. कारखान्यातून वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि घरी येऊन बसले. बाई सांगायच्या, की नोकरीत असताना आठवड्यातून एक दिवस घरी असणारा माणूस रोज घरी दिसायला लागला, तेव्हा दोघांनाही ते जमेना. पण भांडण म्हणावं असं एकही झालं नव्हतं. त्या सकाळी ते घड्याळाला सेल घालून आणतो म्हणून निघाले. दुपारपर्यंत बाईंना काही वाटलं नाही. संध्याकाळी पोलिसांत हरवल्याची नोंद केली. त्यांच्या गावाला, कारखान्यावर, नातेवाइकांकडे, इस्पितळांत, सगळीकडे चौकशी झाली. मुलगी रेणुका तेव्हा पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती परीक्षा सोडून आली, महिनाभर शोधत फिरली आणि परत गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाई दोन फायली घेऊन माझ्याकडे आल्या. एक त्यांची, एक यजमानांची. यजमानांच्या नावावर बँकेत काही ठेवी होत्या, व्याज येत होतं, त्यातून थोडा कर कापला जात होता. मी म्हणालो, “बाई, सरांचं भरायला ते स्वतः हवेत. किंवा त्यांनी दिलेलं अधिकारपत्र हवं.”

“नाही भरलं तर काय होईल?”

“काही नाही. उत्पन्न मर्यादेच्या आतच आहे. कापलेले थोडे पैसे परत मिळणार नाहीत, एवढंच.”

“पैशाचं नाही म्हणत मी,” बाई म्हणाल्या. “तुझ्या त्या कॉम्प्युटरात सगळी वर्षं ओळीनं दिसतात न्हवं? त्यात या वर्षासमोर रिकामं दिसेल. ते आले, बघितलं, तर काय म्हणतील? बायकोनं मला धरलंच नाही म्हणतील.”

मी भरायला नको होतं. दुसऱ्याच्या नावाने, त्याला न विचारता, त्याच्या फोनवरचे आकडे टाकून रिटर्न भरणं कायद्यात कुठेच बसत नाही. पण समोर चौथीच्या बाई बसल्या होत्या. मी भरलं. फोन वाजला, आकडे आले, बाईंनी ते मला शाळेत पाढे सांगावेत तसे सुटे सुटे वाचून दाखवले. मग थोड्या वेळाने निरोप आला, की आपलं रिटर्न स्वीकारलं गेलं आहे. बाईंनी तो दोनदा वाचला आणि फोन रुमालात गुंडाळला. हे पुढे सात वर्षं चाललं.

एकदा त्यांचा शेंगाचटणीचा डबा परत द्यायला मी विजापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो होतो. संध्याकाळचे सात वाजले असतील. बाई आत चहा टाकत होत्या, मी बाहेरच्या खोलीत एकटाच बसलो होतो. खिडकीपाशी तो फोन चार्जिंगला लावलेला होता. तो एकदम वाजायला लागला. इतक्या वर्षांत त्या फोनवर कुणाचा फोन आलेला मी ऐकला नव्हता. उठून घ्यावा की नको, काही सुचेना. तेवढ्यात तो बंद झाला आणि बाई स्वयंपाकघरातून स्वतःचा मोबाइल हातात घेऊन बाहेर आल्या.

“मीच लावला,” त्या अगदी सहज म्हणाल्या. “रोज लावून बघते सातला. चालू असलेला बरा.”

चहा पिताना त्या बागेतल्या अबोलीबद्दल बोलत होत्या. मी मान डोलावत होतो, आणि माझी नजर राहून राहून त्या खिडकीकडे जात होती.

आमच्या कामात लोकांचा एकच प्रश्न असतो, थांबू का? बजेट येतंय, थांबू का? स्लॅब बदलणार म्हणतात, थांबू का? जुनी पद्धत घेऊ का नवी, का सरकार काय करतंय ते बघू? समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने असं विचारलं, की बाई माझ्या आधी उत्तर द्यायच्या. “झालेल्या वर्षाचं भरायचंय ना तुम्हाला? मग भरा की. पुढच्या वर्षाचं पुढं बघा.” एका कापड व्यापाऱ्याने एकदा त्यांना माझी भागीदारच समजून त्यांच्याकडे कागद पुढे केले होते. बाईंनी ते तपासलेही, आणि बेरजेतली एक चूक काढून दिली.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सगळा कायदाच बदलायला निघाला. साठ वर्षांचा जुना कायदा जाऊन नवा येणार होता. मसुदा संसदेत होता, आणि त्यातलं एक कलम लोकांच्या तोंडी झालं होतं, की मुदतीनंतर रिटर्न भरलं तर कापलेला कर परत मिळणार नाही. ते कलम पुढे गळलं. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं? जे लोक वर्षानुवर्षं आळस करत होते, ज्यांनी कधी रिटर्न भरलंच नव्हतं, तेही घाबरून विचारायला लागले. आणि नेमके त्याच वर्षी फॉर्म इतके बदलले, की ते निघायलाच उशीर झाला, आणि सरकारने मुदत दीड महिन्याने वाढवून दिली.

बाई एप्रिलमध्ये आल्या, फॉर्म नव्हते. मे महिन्यात दोनदा आल्या. फॉर्म नव्हते. जूनच्या सुरुवातीला फॉर्म आले त्याच दिवशी त्या हजर झाल्या, आणि मी त्यांना म्हणालो, “बाई, आता थोडं थांबा. बँकेने कापलेल्या कराची नोंद यंदा अजून पोर्टलवर चढलेली नाही. आत्ता भरलं तर जुळणार नाही. मुदत वाढलेली आहे, दोन-तीन आठवड्यांनी भरू.”

“तूही थांबा म्हणायला लागलास,” त्या म्हणाल्या. पण थांबल्या.

त्या मधल्या दिवसांत दुसरंच प्रकरण पुढे सरकत होतं. शिवानंदरावांच्या नावावर शहराबाहेर एक प्लॉट होता. रेणुकाचं म्हणणं होतं, की तो विकून आईने पुण्याला यावं. मालकच बेपत्ता, त्यामुळे विकता येत नव्हता. पण सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला कोर्टाकडून मृत ठरवून घेता येतं. रेणुकाने वकील गाठला होता. बाई कितीतरी दिवस नाही म्हणत होत्या. त्यांना तयार कुणी केलं? मी केलं. जुन्या जागेच्या विक्रीवर कर मोजायची जी सवलतीची पद्धत आहे, ती नव्या कायद्यात तशीच राहील याचा भरवसा नाही. विकायचंच असेल तर कायदा लागू व्हायच्या आत विका, असं मी त्यांना दोनतीनदा बजावलं होतं. रेणुकाने मला तसं सांगायला सांगितलं होतं हे खरं, पण मला ते पटलेलंही होतं. सात वर्षं जो माणूस सापडला नाही तो आता नाही, असंच मी धरून चाललो होतो. शेवटी बाई म्हणाल्या, “बरं. यंदाचं त्यांचं रिटर्न भरू, आणि मग करते सही. शेवटचं म्हणून भरू.”

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या. बाहेर आभाळ आलं होतं, ऑफिसात आम्ही दोघंच होतो. बाईंनी फोन टेबलावर ठेवला. मी पोर्टलवर शिवानंदरावांचा पॅन टाकला.

पॅन टाकला, की पासवर्ड विचारायच्या आधी तिथे एक ओळ दिसते. खातेदाराने ती स्वतः लिहून ठेवलेली असते, आपण खऱ्या साइटवरच आलो आहोत हे ओळखायची खूण म्हणून. पहिल्या वर्षी मीच तिथे ‘मंगरुळे सोलापूर’ असं टाकून ठेवलं होतं. सात वर्षं तेच दिसत होतं. त्या दिवशी तिथे इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द होते. मी मोठ्याने वाचले, “काय ब्याड.”

मला वाटलं कुणीतरी चावटपणा केला. काय बॅड! मी पासवर्ड टाकला. चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. “बाई, कुणीतरी खात्यात शिरलंय बहुतेक,” मी म्हणालो. “ही ओळ बदललीय, पासवर्डही बदललाय. हल्ली फसवणूक फार—”

“काय वाचलास तू?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वेगळाच होता.

“काय ब्याड. काहीतरी अर्धवट—”

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आल्या आणि चष्मा सरळ करून स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते दोन शब्द जोडून म्हटले. माझ्या तोंडून जे निघालं होतं त्यापेक्षा ते निराळेच ऐकू आले.

“कायब्याड,” त्या म्हणाल्या. “कानडी आहे रे. आमच्याकडची. वाट बघू नको.”

मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

“त्यांना कानडी येत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “चार शब्द यायचे. मीच शिकवलेले. श्रीपूरला जाताना, हंगामात, शनिवारी जमणार नसलं की जिन्यातनं म्हणायचे, कायब्याड. माझी आई हसायची त्यांच्या बोलण्याला.”

मग माझ्या लक्षात यायला लागलं. पासवर्ड विसरला असेल तर आधारच्या मोबाइलवर आकडे मागवून नवा घेता येतो. मी तसं करून बघितलं. स्क्रीनवर आलं, की आकडे पाठवले आहेत, आणि ज्या नंबरवर पाठवले त्याचे शेवटचे दोन आकडे दिसले. ते आमच्या फोनचे नव्हते. टेबलावरचा फोन गप्प होता. म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी आधार केंद्रात जाऊन, स्वतःचा अंगठा देऊन त्यांनी नवा नंबर जोडून घेतला होता. हल्लीच कुठेतरी नोकरीला लागले असतील, पगारातून कर कापला गेला असेल, आणि उशीर केला तर पैसे बुडतील या बातमीने तेही घाबरले असतील सगळ्यांसारखे. खातं उघडलं असेल. आणि उघडल्यावर त्यांना दिसलं असणार, की आपण नसतानाच्या सातही वर्षांसमोर रिटर्न भरलेलं आहे. एकही वर्ष रिकामं नाही. ते कुणी भरलं हे कळायला त्यांना वेळ लागला नसेल. यंदाही बायको पॅन टाकणार आणि ही ओळ वाचणार, हेही त्यांना कळलं असणार.

मी जूनच्या सुरुवातीलाच भरलं असतं, तर? कदाचित त्यांच्या आधी आमचं गेलं असतं, आणि त्यांनी मग काही लिहिलंही नसतं. मी थांबवलं होतं बाईंना. दोन-तीन आठवडे.

“आत्ता तू जे पाठवलंस,” बाईंनी विचारलं, “ते आकडे त्यांच्या फोनवर गेले?”

“हो.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

“म्हणजे त्यांना कळलं असेल, मी इथं बसलेय.”

त्या माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. खाली सात रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “अजून एकदा पाठव.”

मी पाठवलं. स्क्रीनवर एक घड्याळ उलटं मोजायला लागलं. तेवढ्या वेळात आकडे टाकायचे असतात. ते शून्यावर येईपर्यंत बाई हलल्या नाहीत, आणि मी टेबलावरच्या त्या गप्प फोनकडे बघत होतो. वाजेल असं मला खरोखरच वाटत होतं.

“बास,” त्या म्हणाल्या. “आता नको त्रास देऊ त्यांना.”

मग त्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि स्वतःची फाइल पुढे केली. त्यांचं पेन्शनचं रिटर्न मी भरलं. निघताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की हे रेणुकाला सांगायचं नाही.

“बाई, तिचे वडील आहेत ते.”

“म्हणूनच म्हणते. बाप मेला असं धरून ती कशीबशी उभी राहिलीय. सोडून गेला हे कळलं तर परत पडेल. मेलेला बाप परवडतो रे पोरींना.”

“आणि तो कोर्टाचा अर्ज?”

“शपथेवर कसं लिहू, काही ठावठिकाणा नाही म्हणून? आजपर्यंत लिहिता आलं असतं. आता नाही.”

त्यांनी सही केली नाही. रेणुका पुण्याहून आली, रडली, चिडली. मला फोन करून म्हणाली, “काका, तुम्ही सांगितल्यावर तयार झाली होती. आता काय झालं? आईचं डोकं ठिकाणावर आहे ना?” मी म्हणालो, वय झालंय, थोडं समजून घे. प्लॉट तसाच राहिला. बाई सोलापुरातच राहिल्या.

दिवाळीच्या सुमारास मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्या बऱ्या दिसत होत्या, उलट जरा हलक्या वाटल्या. अंगणात पाणी घालत होत्या. मी न राहवून विचारलं, “बाई, शोधायचं नाही का? पोलिसांना सांगितलं तर नंबर काढता येईल.”

“कशाला?” त्यांनी पाइप दुसऱ्या कुंडीत धरला. “वाट बघू नको म्हणाले की. सात वर्षांत एवढं तरी बोलले.” मग जरा थांबून म्हणाल्या, “राग नाही असं नाही हं. खूप आहे. पण तो कुणापुढं करू?” तेवढ्यात घड्याळात सात वाजले. बाईंनी पाणी बंद केलं, आत गेल्या, आणि आतून फोन वाजल्याचा आवाज मी ऐकला नाही. त्या चहाचं आधण ठेवत होत्या.

जानेवारीत बाई गेल्या. सकाळी शेजारणीने दार वाजवलं, उघडलं नाही. झोपेतच गेल्या होत्या. रेणुका दुपारपर्यंत पोचली. सगळं उरकल्यावर महिन्याभराने ती आईचे कागद घेऊन माझ्या ऑफिसात आली. मृत्यू झालेल्या माणसाचंही त्या वर्षाचं रिटर्न भरावं लागतं, आणि ते वारसाने भरायचं असतं. नवा कायदा एप्रिलपासून लागू होणार होता, पण बाईंचं हे वर्ष जुन्याच कायद्यातलं होतं. बँकेतली रक्कम आणि राहतं घर यांसाठी कोर्टातून वारस दाखलाही काढायचा होता. रेणुकाने एक पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यातून एक फुलस्केप कागद काढला.

“हा आईच्या कपाटात होता,” ती म्हणाली. “पेन्शनच्या पुस्तकात. मला काही कळत नाहीये, काका.”

बाईंचं ते वळणदार, पाटीवरचं अक्षर. वर लिहिलं होतं, माझे वारस. खाली दोनच नावं. पहिलं, शिवानंद मंगरुळे, पती, वय चौसष्ट, हयात, पत्ता माहीत नाही. दुसरं रेणुकाचं. खाली सही आणि तारीख. तारीख त्या जूनमधल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीची होती.

“हयात,” रेणुका म्हणाली. “वयसुद्धा बरोबर मोजलंय. हे तिनं कशावरून लिहिलं? शेवटी शेवटी तिला भास होत होते का?”

मी शब्द दिला होता. पण बाईंनी तो कागद मुलीच्या हाती लागेल अशाच ठिकाणी ठेवला होता, आणि मुलगी आता आपल्या आईला भ्रम झाला होता असं समजून जन्म काढणार होती. मी सगळं सांगितलं. ती ओळ, तो अर्थ, दोनदा पाठवलेले आकडे. मी आधी दोन-तीन आठवडे थांबवलं होतं, तेही सांगितलं. रेणुका त्या कागदाची घडी घालत ऐकत होती. नर्स आहे ती, वाईट बातमी ऐकताना चेहरा हलू न देण्याची तिला सवय असावी. शेवटी तिने एवढंच विचारलं, “आईनं त्यांना शिव्या दिल्या का हो?”

“नाही.”

“द्यायला हव्या होत्या,” ती म्हणाली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरेना.

वकील म्हणाला, वडिलांना वगळून अर्ज करता येईल, सात वर्षं झालीच आहेत, कोण विचारतंय? रेणुकाने ऐकलं नाही. अर्जात तिने आईने लिहिलं होतं तसंच लिहायला लावलं. मग नियमाप्रमाणे पेपरात जाहीर नोटीस आली. गिरिजा शिवानंद मंगरुळे मयत झाल्या असून त्यांचे वारस खालीलप्रमाणे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. आई गेल्याची बातमी बापाला पोचवायचा आमच्याकडे तो एवढाच मार्ग होता. त्या तीस दिवसांत माझ्या जिन्यावर कुणा अनोळखी माणसाची पावलं वाजली, की मी हातातलं काम सोडून दाराकडे बघायचो. कधी कुरियरवाला असायचा, कधी थांबू का विचारणारा कुणी.

कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीनंतर तारीख लागली. रेणुका रजा काढून आली होती. मी बरोबर गेलो होतो. व्हरांड्यात लोकांची गर्दी, बाकावर जागा नाही, आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. आमचं प्रकरण निघालं, तसा पट्टेवाला दारात आला आणि पुकारा केला. “शिवानंद मंगरुळे!” त्याचा आवाज जिन्याखालपर्यंत गेला. लोक बोलायचे थांबले नाहीत, पण मी आणि रेणुका दोघंही जिन्याकडे बघत होतो. “शिवानंद मंगरुळे!” एक म्हातारा काठी टेकत वर आला, मी भिंतीपासून सुटून पुढे झालो. तो आमच्यासमोरून पुढच्या खोलीत निघून गेला. “शिवानंद मंगरुळे!”

कुणी आलं नाही. पट्टेवाल्याने हातातल्या कागदावर पेन टेकवलं आणि आमच्याकडे बघितलं.

“हायत का न्हायत हो?”

रेणुकाने माझ्याकडे बघितलं नाही. जिन्यावरची नजर तिने सावकाश काढून घेतली.

“आहेत,” ती म्हणाली. “आले नाहीत.”